बालवाडींतील सण

उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरावर नाताळचा तारा लागतो, मीरा रोडला ईदचा शीरखुर्मा शिजतो, भाईंदरला पर्युषण पाळलें जातें आणि गणपतीची आरास तर गल्लोगल्लीं असते. लहान मुलाला पंचांग कळत नाहीं. त्याचें वर्ष या सणांनींच मोजलें जातें. म्हणून आईबाप कामाला जातांना जें मूल बालवाडींत सोडतात, त्याच्या मागोमाग घरचा सणहि तेथें आला पाहिजे. ज्याच्या सणाचें नांवहि वर्गांत निघत नाहीं, त्या मुलास आपलें घरच कमी प्रतीचें वाटूं लागतें.

यावर मार्ग जवळच सांपडतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें, ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, तीच अंगणवाडी. पानें, बिया, शिंपले हींच तेथील साधनें ठरलीं.

तोच न्याय सणाला लागू आहे. शिक्षिकेनें आदल्या दिवशीं आईला विचारावें, घरीं काय रांधतां, कोणतें गाणें म्हणतां. आणि दुसऱ्या दिवशीं तें मुलाकडूनच, त्याच्या बोलींत, सर्वांना ऐकवावें. याला पैसा लागत नाहीं. बाईंना ऐकून घेण्याची सवड मात्र लागते.