आधी तेल, मग पाणी!

तेलकट त्वचेच्या मुलीला 'चेहऱ्याला तेल चोळ' असं सांगून बघा. ती तुमच्याकडे ज्या नजरेनं बघेल, त्याच नजरेनं मी गेल्या महिन्यात क्लिन्झिंग ऑइलच्या बाटलीकडे बघत होते. १५० मिलीची बाटली, किंमत ८०० रुपयांच्या घरात. इंटर्नशिपच्या मानधनात हे बसणारं नव्हतंच, म्हणून आम्ही तिघी रूममेट्सनी कॉन्ट्री काढली. (ब्रँडचं नाव विचारू नका, जाहिरात करायची नाहीये.)

गरज मात्र खरी होती. आमच्यातली एक जण एकांकिका करते. प्रयोगानंतर वेट वाइप्सनी घासून घासून तिचे गाल लालेलाल व्हायचे. माझा प्रॉब्लेम वॉटरप्रूफ काजळाचा. ते नावाला जागतं आणि फेसवॉशलाही दाद देत नाही. सकाळी आरशात पांडा!

तसा ग्रीनरूममध्ये यावर जुना उपाय आहेच. खोबरेल तेल आणि कापूस. मग ८०० रुपये कशाला? हेच बघायला मी १० दिवस डाव्या गालाला आणि डोळ्याला खोबरेल लावलं, उजवीकडे क्लिन्झिंग ऑइल.

मेकअप काढण्यात दोघं बरोबरीत सुटले. यात नवल नाही. काजळ, लिपस्टिक, फाउंडेशन यात मेण, तेलं, सिलिकोन असतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, तेलात सैल होतात. खरा फरक पडला तो पाणी लावल्यावर. डावीकडे पाण्याचे थेंब नुसते ओघळायचे. फेसवॉश दोनदा लावूनही गाल चिकट, उशीचा अभ्रा तेलकट. उजवीकडे मात्र ओला हात फिरवला की तेल एकदम पांढरं, दुधाळ व्हायचं आणि धुऊन जायचं.

ही करामत तेलाची नाही, त्यात मिसळलेल्या इमल्सिफायरची. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. त्यामुळे मेकअपसकट तेल पाण्याबरोबर निघून जातं. जपानी मेकअप आर्टिस्ट शू उएमुरा यांनी असं क्लिन्झिंग ऑइल १९६७ मध्येच बाजारात आणलं होतं. कोरियन 'डबल क्लिन्झिंग'मुळे ते आता आपल्या फीडवर आलंय, इतकंच. आधी तेल, मग फेसवॉश. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे अभ्यंगस्नानच की! तेल लावायचं आणि उटण्यानं काढायचं."

वापरायची पद्धत सोपी आहे, पण क्रम महत्त्वाचा. हात कोरडे, चेहराही कोरडा. आधीच पाणी लागलं तर तेल तिथंच दुधाळ होतं आणि मेकअपपर्यंत नीट पोचतच नाही. साधारण मिनिटभर हलक्या हातानं चोळायचं, डोळे सगळ्यात शेवटी. मग हात ओले करून पुन्हा चोळायचं आणि कोमट पाण्यानं धुवायचं. वर सौम्य फेसवॉश. लेन्स वापरत असाल तर ती आधी काढा, तेलाचा थर बसला की सगळं धूसर दिसतं. एकदा ते माझ्या डोळ्यात गेलं, तेव्हा पाचेक मिनिटं जग धुक्यातच होतं.

प्रत्येकीनं हे घ्यावं का? मला नाही वाटत. फक्त काजळ लावत असाल तर कापसावर खोबरेलचे दोन थेंब घ्या आणि नंतर फेसवॉश करा, भागतं. पण चेहरा मुरुमांचा असेल तर पूर्ण चेहऱ्याला खोबरेल चोळू नका. ते काहींच्या त्वचेची छिद्रं बुजवतं. मुरुमं जास्त असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारा. स्टेजचा जाड मेकअप वारंवार लावणाऱ्यांना मात्र ही बाटली परवडते. आमच्या नटीचे गाल आता प्रयोगानंतर लाल होत नाहीत, आणि वाइप्सचा खर्च वाचला तो वेगळाच.

घेताना पुढचं चकचकीत नाव सोडा, मागची घटकांची यादी वाचा. पॉलिसॉर्बेट, पीईजी किंवा पॉलिग्लिसरिल असं काही दिसलं तर इमल्सिफायर आहे. नुसतीच बदाम, जोजोबा अशी तेलं असतील, तर ते पाण्यानं धुतलं जाणार नाही. दुकानात टेस्टर असेल तर थेंबभर तळहातावर चोळा आणि वर थोडं पाणी घाला. दुधाळ झालं नाही, तर बाटली परत शेल्फवर ठेवा.