चावडी : आत बसणारे आणि बाहेर उभे राहणारे

देशावरच्या बहुतेक जुन्या गावांत, मारुतीच्या देवळापासून फारशा दूर नाही अशा ठिकाणी, दगडी जोत्यावर लाकडी खांबांची आणि पुढून मोकळी अशी एक ओसरीवजा इमारत असे. तीच गावची चावडी. देवळांच्या शिल्पावर ग्रंथ झाले, चावडीच्या वाट्याला तसे काही आले नाही, आणि ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे, कारण तिच्यात डोळ्यांनी पाहण्याजोगे थोडेच होते. जे होते ते कारभारात होते.

मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार मिळून गोतसभा भरे, साक्षी-पुरावे होत, आणि निवाड्याचा जो महजर लिहिला जाई त्याच्याखाली पाटलाचा नांगर नि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. शिवेच्या वादात महाराची साक्ष प्रमाण मानीत. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याला गावकीच्या बैठकीत मात्र पायरीखाली उभे राहावे लागे. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही विसंगती सहसा नोंदविली नाही.

ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात ही गावे म्हणजे लहान प्रमाणावरची राज्येच होत, असा अभिप्राय दिला. परंतु त्याच्याच सरकारची दिवाणी न्यायालये आणि रयतवारीची जमाबंदी स्थिरावत गेली तसतसे तंटे तालुक्याला गेले आणि चावडीत उरला तो मुख्यतः वसूल. 1867 चा ग्राम पोलीस कायदा, 1874 चा वतन कायदा आणि 1879 चा जमीन महसूल कायदा यांनी पाटील-कुलकर्णी गावाचे कमी आणि सरकारचे अधिक झाले.

हप्त्याचा दिवस हे चावडीचे खरे रूप. पाटील लोडाशी, कुलकर्णी दप्तर सोडून बैठकीवर, आणि पोतदारी करणारा सोनार रुपया दगडावर वाजवून खोटा-खरा ठरविणार. नाणे बद्द वाजले की कुणब्याचा चेहरा उतरे, कारण दुसरा रुपया आणायचा तो सावकाराकडूनच. जमलेला भरणा तालुक्याच्या कचेरीत पोहोचविण्याचे काम महाराकडे. म्हणजे सरकारचा पैसा त्याच्या हवाली करण्यास हरकत नव्हती, हरकत होती ती त्याच्या बसण्याला.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गाव-गाडा’ लिहून या व्यवस्थेची चिरफाड केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा प्रश्न केवळ बलुत्याचा नव्हता; अहोरात्र हाकेला ओ देणे ज्याच्या वतनातच लिहिलेले होते, त्या माणसाच्या मोकळिकीचा तो प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था झपाट्याने मोडीत निघाली. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले, 1958 मध्ये कनिष्ठ ग्रामवतने रद्द ठरली आणि ग्रामपंचायतीचा नवा कायदा आला, 1962 मध्ये मुलकी पाटीलकी गेली. पंचायतीने सिमेंटची कचेरी बांधली; अनेक गावांत बौद्ध झालेल्या पूर्वीच्या महारांच्या वस्तीत समाजमंदिर उभे राहिले, आणि ज्यांना जुन्या ओसरीची पायरी वर्ज्य होती त्यांच्या सभा, लग्ने नि जयंत्या स्वतःच्या छपराखाली होऊ लागल्या. मला विचाराल तर गावच्या सभागृहाच्या इतिहासातले सर्वांत मोठे बांधकाम हेच.

इमारती पडल्या किंवा त्यांची गोदामे झाली, तरी चावडी कायद्यातून गेलेली नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे गावकामगार जेथे बसून गावचे काम पाहतो ती जागा म्हणजे चावडी. आणि फेरफाराची नोंद झाली की तिची प्रत तेथे ठळक जागी लावावी लागते, हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. अधूनमधून सातबारा जाहीरपणे वाचून दाखवितात. त्याला अजून चावडीवाचनच म्हणतात. वाचन ऐकायला भाऊबंद असतात, सरपंच असतो, तंट्यात मुरलेले दोन-चार म्हातारे असतात. वारसनोंदीत जिचे नाव गाळले गेले ती बहीण बहुधा सासरी असते आणि हरकतीची मुदत तिच्या कानी पडण्यापूर्वीच उलटून जाते.