अंगणातील हिरवळ आणि बीडचे पाणी

अलीकडे बीड, अंबाजोगाई, माजलगाव या शहरांतील नव्या वसाहतींत घरासमोर गवताची हिरवळ, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि कुंपणालगत कोनोकार्पसची रांग अशी रचना आढळू लागली आहे. अंगण सुंदर असावे ही इच्छा स्वाभाविकच आहे. मात्र आपल्या दुष्काळप्रवण जिल्ह्यात या सौंदर्याचा हिशेब पाण्याच्या मापाने मांडावा लागतो, असे आम्हांस वाटते.

कडक उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीस दररोज सुमारे ५ लिटर पाणी लागते. म्हणजेच ५० चौरस मीटरला २५० लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मानक ठरविले आहे. त्यानुसार ही हिरवळ चार माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी पिते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या शहरास पाणी पुरविणारे आणि तेव्हा कोरडे पडलेले मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात, धनेगाव येथे आहे.

पेव्हर ब्लॉकमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी रस्त्यावर वाहून जाते. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो. परंतु त्याची मुळे भूमिगत वाहिन्यांना बाधक ठरतात आणि परागकण श्वसनविकारांस कारणीभूत होऊ शकतात, या कारणांस्तव गुजरात शासनाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली.

मग अंगण सजवावे तरी कसे? कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता, कोरफड ही आपल्या मातीतील झाडे रुजल्यानंतर थोडक्या पाण्यावर तग धरतात. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्याचे एक झाड दारी असणे भूषणावह ठरेल. रोपांभोवती खोलगट आळे करून त्यात पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी त्यांनाच द्यावे.

छताचा विचारही अगत्याचा आहे. १०० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ६०,००० लिटर पाणी जमा होते. त्यातील काही भाग वाया गेला तरी उरलेले पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडता येते.

निजामशाहीच्या काळात बांधलेली बीडची खजाना विहीर आजही पूर्वजांच्या जलविचाराची साक्ष देते. गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागलेली असताना आपल्या अंगणाने पाणी मागू नये, उलट ते जमिनीस परत द्यावे. हीच आपल्या भूमीस शोभणारी रचना होय.