साने, पांडुरंग सदाशिव

(२४ डिसेंबर १८९९–११ जून १९५०). भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील एक सत्याग्रही पुढारी, समाजसुधारक व मराठी साहित्यिक. ‘साने गुरुजी’ या नावाने सर्वपरिचित. अध्यापनातून राजकारणात आलेल्या महाराष्ट्रीय पुढाऱ्यांची परंपरा जुनी आहे. लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले या दोघांच्याही सार्वजनिक जीवनाचा प्रारंभ अध्यापनाने झाला. तथापि पुढे टिळकांनी वृत्तपत्र व गोखल्यांनी विधिमंडळ हे आपल्या राजकारणाचे मुख्य क्षेत्र मानले. साने गुरुजींचा मार्ग वेगळा होता. वर्ग सोडल्यानंतरही त्यांनी शिक्षकाचीच साधने वापरली. विधिमंडळाचे सदस्यत्व वा मंत्रिपद त्यांनी कधीही भूषविले नाही. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या साहित्यापेक्षा राजकीय कार्याचा प्राधान्याने परामर्श घेतला आहे.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड (ता. दापोली) येथे एका खोत घराण्यात झाला. घराण्याचे वैभव त्यांच्या बालपणीच ओसरले होते. दापोली, औंध व पुणे येथे अत्यंत हलाखीत त्यांचे शिक्षण झाले. शिक्षण चालू असतानाच १९१७ मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. न्यू पूना कॉलेजातून (विद्यमान सर परशुरामभाऊ महाविद्यालय) बी.ए. झाल्यावर ते अंमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आले. तत्त्वज्ञान विषय घेऊन ते एम्.ए. झाले आणि १९२४ मध्ये तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तेथेच त्यांच्या कार्यपद्धतीची घडण झाली. मुलांना शिस्तीचे धडे शब्दांनी देण्याऐवजी ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, कपडे धूत. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढीत. त्यातून देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे व वसतिगृहातील लहानसहान गोष्टी मुलांपुढे येत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. स्वतः आधी करावे, मग सांगावे आणि सांगायचे ते गोष्टीच्या रूपाने सांगावे, ही रीत त्यांनी पुढे राजकारणातही सोडली नाही.

मिठाच्या सत्याग्रहाचे आवाहन होताच, १९३० मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि खानदेशात प्रचारदौरा केला. त्यांना अटक होऊन धुळे येथे व नंतर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. दक्षिणेकडील या तुरुंगवासात अन्य भाषिक सत्याग्रह्यांशी संबंध आल्याने, आपल्याच देशबांधवांच्या भाषा आपणास येत नाहीत, ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली. पुढील ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज या अनुभवात आहे. १९३२ मध्ये पुन्हा कारावास घडला. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर दिलेली अठरा प्रवचने त्यांनी लिहून घेतली. गीता प्रवचने हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी श्यामची आई ही आपली सुप्रसिद्ध कृती लिहिली.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे राष्ट्रसभेचे पहिलेच अधिवेशन होय. जळगावहून नशिराबाद, भुसावळ ओलांडून तापीपलीकडे असलेल्या या गावी प्रचंड जनसमुदायाची व्यवस्था लावणे सोपे नव्हते. गुरुजींनी गावोगाव हिंडून स्वयंसेवक मिळविले आणि ग्रामसफाईपासून मैला वाहण्यापर्यंतची कामे स्वतः केली. शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम याच अधिवेशनात संमत झाला. त्या मागण्या खेड्यापाड्यांत समजावून सांगण्याचे काम त्यांनी नंतरही चालू ठेवले. त्यासाठी १९३८ मध्ये अंमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात राष्ट्रसभेचे मंत्रिमंडळ आल्यावर त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. शासन स्वपक्षाचे, पण शेतसाऱ्याची व मजुरीची गाऱ्हाणी पूर्वीचीच. गुरुजींनी शेतकऱ्यांची बाजू घेतली. तसेच अंमळनेर, धुळे व चाळीसगाव येथील गिरणी कामगारांच्या संघटनांत भाग घेतला. अंमळनेरची गिरणी आणि ज्या तत्त्वज्ञान मंदिरात ते शिकले ती संस्था, दोन्ही श्रीमंत प्रतापशेठ यांनीच उभारलेल्या होत्या, हे लक्षात घेता या भूमिकेचे मोल ध्यानी येते. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले. १९४३ मध्ये त्यांना मुंबईत अटक झाली व १९४५ मध्ये सुटका झाली. या काळात राष्ट्र सेवा दलाशी त्यांचा निकटचा संबंध होता.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, यासाठी त्यांनी उपोषणाचा निर्धार जाहीर केला. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून तो सहा महिने पुढे ढकलून त्यांनी सेवादलाच्या कलापथकासह महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगावची मंदिरे व विहिरी खुल्या करविल्या. १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. अपुऱ्या माहितीवरून महात्मा गांधींनी ते थांबविण्याचा सल्ला दिला. गांधींना गुरू मानणाऱ्या गुरुजींना हा प्रसंग कसोटीचा होता. तथापि ते निश्चयापासून ढळले नाहीत. ग. वा. मावळंकर यांच्या मध्यस्थीनंतर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले व १० मे रोजी उपोषणाची समाप्ती झाली.

गांधीहत्येनंतर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. या काळात त्यांचा ओढा समाजवादी पक्षाकडे होता. स्वातंत्र्योत्तर काळातील जातीय विद्वेष व सत्तास्पर्धा पाहून ते व्यथित होत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

साने गुरुजींच्या राजकारणाचे सामर्थ्य व मर्यादा एकाच ठिकाणी आढळतात. श्रोत्याच्या सदसद्‌विवेकावर त्यांचा सारा भर होता. विद्यार्थ्याविषयी शिक्षकाला वाटावा तसा विश्वास त्यांनी समाजाविषयी बाळगला. त्यामुळे कायद्याने सहसा साधत नाही असे मनःपरिवर्तन पंढरपूरच्या दौऱ्यात ते काही प्रमाणात घडवू शकले. उलट, पक्षसंघटना बांधणे, तडजोडी करणे किंवा अपयश अलिप्तपणे पाहणे त्यांच्या प्रकृतीला मानवले नाही. समाजाचा प्रत्येक दोष त्यांनी स्वतःचा मानला आणि त्याचे प्रायश्चित्त स्वतःच्या देहाला दिले. त्यांच्यामागे सत्तास्थाने राहिली नाहीत. मात्र त्यांच्या शिकवणीतून घडलेले कार्यकर्ते पुढील कित्येक वर्षे महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांत, कामगार चळवळींत व समाजवादी पक्षांत कार्य करीत राहिले.