बर्फात तगणारं बांबूचं बेट

तापमान शून्याखाली वीस अंश. गुडघाभर बर्फ, सगळी झाडं निष्पर्ण, आणि अंगणाच्या एका कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा हिरवा बांबू. डेन्मार्क, जर्मनी किंवा कॅनडातल्या बागेतलं हे चित्र कोकणातला माणगा आणि विदर्भातला कळक पाहत वाढलेल्या माणसाला खोटंच वाटेल. बांबू म्हणजे उष्ण, पावसाळी मुलखाचं गवत हा आपला समज मात्र अर्धाच खरा आहे. मध्य आणि पश्चिम चीनच्या डोंगरांत तीन हजार मीटर उंचीवरही बांबूची दाट रानं आहेत. पांडा याच रानांवर जगतो आणि हिवाळ्यात ही रानं बर्फाखाली असतात. थंड देशांच्या बागांत टिकलेला बांबू तिथूनच आला.

त्यातल्या एकाची गोष्ट तर एका मुलीच्या नावाची आहे. अर्नेस्ट विल्सन हा इंग्रज वनस्पतिसंग्राहक १९०७ मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात हिंडत होता. तिथल्या डोंगरात मिळालेला एक नाजूक, पिवळसर कांड्यांचा बांबू त्याने अमेरिकेतल्या अर्नोल्ड अर्बोरेटम या वृक्षोद्यानाला पाठवला. पुढे तो लंडनच्या क्यू उद्यानात पोचला आणि १९२० मध्ये त्याला विल्सनच्या मुलीचं, म्युरिएलचं, नाव मिळालं. ते देणारे जेम्स साइक्स गॅम्बल उमेदीची वर्षं हिंदुस्थानच्या वनखात्यात घालवून निवृत्त झालेले. इथल्या बांबूंवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. आज हा बांबू ‘फारगेसिया म्युरिएली’ म्हणून ओळखला जातो. त्याची जांभळट कांड्यांची बहीण ‘फारगेसिया नितिडा’. दोघीही शून्याखाली पंचवीस अंशांच्या आसपास तग धरतात.

तग धरतात, तरी हिवाळ्यात बांबू मरतो तो बऱ्याचदा गारठ्यापेक्षा तहानेने. पानं हिरवीच असल्यामुळे ऊन आणि वारा त्यांतलं पाणी ओढत राहतात, पण जमीन गोठलेली असल्याने मुळांना वर पाठवायला पाणीच मिळत नाही. म्हणून फारगेसियाची पानं कडक थंडीत स्वतःला सुरळीसारखी गुंडाळून घेतात. नवख्या मालकाला वाटतं, झाड गेलं. हवा जराशी उबदार झाली की तीच पानं पुन्हा उलगडतात. शरद ऋतूत नितिडाची बरीच पानं पिवळी पडून गळतात, त्यानेही घाबरायचं कारण नसतं.

एवढं कळलं की मशागत आपोआप सुचते. जमीन गोठण्याआधी भरपूर पाणी द्यायचं. बुंध्याशी चार-पाच इंच लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा पसरायचा. बांबूची स्वतःची गळलेली पानं मुळीच झाडून काढायची नाहीत. थंड वाऱ्याच्या वाटेवरची जागा टाळायची. बर्फाच्या ओझ्याने कांड्या जमिनीला टेकल्या तरी बर्फ वितळल्यावर त्या उभ्या राहतात. गोठलेल्या कांड्यांना काठीने झोडपणं हा मात्र उतावळेपणा, त्या तडकतात. शेंडे करपले तरी जमिनीखालचा कंद जिवंत असेल तर वसंतात नवे कोंब येतात. कुंडीत मात्र कंदाला चहूबाजूंनी थंडी लागते, त्यामुळे मोकळ्या जमिनीत आरामात जगणारा बांबू कुंडीत दगावू शकतो.

रोपवाटिकेत फारगेसियाशेजारी ‘फायलोस्टॅकिस’ प्रजातीतले बांबूही मांडलेले असतात आणि गिऱ्हाइकाचा जीव तिथेच अडकतो. सोनेरी, जाड, सरळ कांड्या, त्यांच्यापुढे फारगेसिया झुडूपच वाटतं. यातल्या काही जाती थंडीलाही चांगल्या टणक. पण आपल्याकडचे बहुतेक बांबू बेट करून जागच्या जागी राहतात, तसे हे राहत नाहीत. यांचा कंद जमिनीखालून आडवा धावतो आणि वाटेल तिथे, शेजाऱ्याच्या हिरवळीतसुद्धा, कोंब काढतो. त्याला आवरायला दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकचा पडदा पुरावा लागतो. त्याची कड जमिनीच्या चार बोटं वर ठेवायची आणि दर वर्षी तिच्यावरून उडी मारणारे कंद छाटायचे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने २०१३ मध्ये यासाठी कायदाच केला. शेजाऱ्याच्या हद्दीपासून ४० फुटांच्या आत धावता बांबू लावायचा तर तो बंदिस्तच हवा, आणि तो पलीकडे पसरून नुकसान झालं तर भरपाई लावणाऱ्याने द्यायची. न्यूयॉर्क राज्यात तर यातल्या दोन जाती विकायलाच बंदी आहे. लहान आवारासाठी हा बांबू घेऊच नये.

फारगेसियाही निर्दोष नाही. बांबू फुलला की बहुधा मरतो, आणि एका जातीचा फुलोरा सगळीकडे जवळजवळ एकदम येतो. मिझोराममध्ये साधारण ४८ वर्षांनी येणारा बांबूचा बहर आणि त्यामागून येणारी उंदरांची धाड आपण ऐकून आहोत. फारगेसियाचं घड्याळ त्याहून कितीतरी लांब, शतकाच्या आसपासचं. विल्सनने आणलेल्या बांबूचे तुकडे करत करतच युरोप-अमेरिकेतल्या बागा भरल्या होत्या, म्हणजे हजारो बेटं आणि झाड मुळात एकच. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्यातली काही फुलली. १९९० च्या दशकात बाकीच्यांनीही फुलोरा धरला आणि पन्नास-साठ वर्षं जपलेली कुंपणं डोळ्यांदेखत वाळली. नितिडाच्या जुन्या झाडांचीही त्याच सुमारास पाळी आली. चीनच्या डोंगरात हीच घटना पांड्याच्या जिवावर बेतते. १९७० च्या दशकाच्या मध्यात तिथे बांबू फुलून वाळला तेव्हा शंभरावर पांडे मेलेले आढळले.

बागवानांनी मात्र बागांतल्या या फुलोऱ्यातून कमाई केली. ज्या जातीच्या बिया शंभरेक वर्षांत कोणी पाहिल्या नव्हत्या तिच्या बियांतून हजारो रोपं उगवली आणि प्रत्येकाची ठेवण वेगळी निघाली. त्यांतूनच कमी उंचीच्या, घट्ट वाढणाऱ्या ‘सिंबा’सारख्या जाती निवडल्या गेल्या. ही नवी पिढी आता कुठे तरुण आहे, तिचा फुलोरा आजच्या मालकाच्या हयातीत यायचा नाही.

पुण्या-नागपूरकडे मात्र हे रोप आणण्याच्या फंदात कोणी पडू नये, इथला उन्हाळा त्याला सोसत नाही. शिकागो, टोरांटो किंवा म्युनिकला अंगण असलेल्या मराठी वाचकाने रोपवाटिकेत ‘बांबू द्या’ एवढंच न म्हणता जातीचं शास्त्रीय नाव विचारावं, रोप बियांपासूनच्या नव्या पिढीतलं आहे ना याची खात्री करावी आणि ते वसंतात लावावं, म्हणजे पहिल्या बर्फाआधी मुळं धरायला त्याला अख्खा उन्हाळा मिळतो.