दोन उचलींच्या मधला माणूस

दसरा सरला की जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते. शिरोळ, हातकणंगले, वाळवा आणि सीमाभागातून शेतकरी येतात. शेतकरी नेते राजू शेट्टी व्यासपीठावरून एक आकडा जाहीर करतात: यंदाची पहिली उचल. तो मान्य होईपर्यंत उसाला कोयता लावू द्यायचा नाही. त्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, केज, धारूर भागांत वेगळीच उचल वाटून झालेली असते. ती मुकादम देतो, ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्याला'. शब्द एकच. पण शेतकऱ्याची उचल हे घातलेल्या उसाचे येणे असते आणि तोडणाऱ्याची उचल हे अजून न केलेल्या कामाचे कर्ज.

या दोन उचलींच्या मधे कारखान्याचा चेअरमन उभा असतो. महाराष्ट्रातली ऊस आंदोलने समजून घ्यायची तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागते.

विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने 1950 मध्ये लोणीत सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा हेतू सावकाराच्या पाशातून सुटण्याचा होता, आणि तो खरा होता. पुढे 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि कारखाना, जिल्हा बँक, विकास सोसायटी, शिक्षणसंस्था यांची एकच वीण तयार झाली. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून ती 1980 साली पुस्तकातून मांडली. सभासदाला मात्र ही वीण पुस्तकाशिवाय कळते. सोसायटीचे कर्ज ऊसबिलातून कापून घेतले जाते. मुलगा कारखान्यात हंगामी असतो, त्याला कायम व्हायचे असते. दिवाळीची साखर सवलतीत मिळते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तोडीची पाळी. विरोधी पॅनेलच्या प्रचाराला गेलेल्याच्या फडात टोळी उशिरा येते. उसाला तुरा येतो, वजन घटते. कुणी शिक्षा सुनावत नाही, ऊस उभा वाळतो एवढेच.

अशा चेअरमनविरुद्ध आंदोलन उभे राहते कसे? सुरुवात उसातून झाली नाही, हे लक्षात घ्यावे. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी चाकणजवळ आंबेठाणला शेती घेतली आणि 1978 मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन केले. कांद्याला चेअरमन नव्हता, म्हणून तिथे बोलायला भीती कमी होती. नोव्हेंबर 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या जोडीला ऊस आला. टनाला 300 रुपयांची मागणी झाली, रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी मेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा सरकारला उद्देशून होती, पण तिचा घाव चेअरमनच्या दातृत्वावरही बसला. सवलतीची साखर आणि रास्त भाव यांत निवड करायची असते, ही गोष्ट तिने पहिल्यांदा गावात उघड बोलून दाखवली.

एकदा आंदोलन उसात शिरल्यावर मात्र ज्या व्यवस्थेने शेतकऱ्याला बांधले होते तिनेच त्याला जोर दिला. तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक त्यातली साखर उतरते. कारखान्याचे गेट गावापासून चार मैलांवर असते आणि त्या गेटामागचा माणूस बहुधा आमदार असतो किंवा मंत्री. म्हणून 2011 मध्ये शेट्टींची पदयात्रा पंढरपूरहून निघून थेट शरद पवारांच्या बारामतीला गेली, आणि 2012 मध्ये तेव्हाच्या सहकारमंत्र्यांच्या इंदापुरात ठिय्या बसला. त्याच आंदोलनात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, सांगली जिल्ह्यातल्या वसगड्यात पोलिसांच्या गोळीने एक शेतकरी गेला. विदर्भातल्या कापूसवाल्याला असे दार मिळाले नाही. 1972 पासूनची एकाधिकार खरेदी होती तोवर सरकार समोर होते. ती मोडकळीला आल्यावर त्याने कुणाचे गेट अडवायचे?

या जोराची किंमतही मोजावी लागली. शेट्टी 2009 मध्ये खासदार झाले, त्यांचे सहकारी सदाभाऊ खोत 2016 मध्ये राज्यमंत्री झाले आणि वर्षभरात दोघांची फारकत झाली. याला निव्वळ फितुरी म्हणणे मला पटत नाही. ज्याची तोड दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला भाषण करणाऱ्या नेत्याइतकाच फोन करून तोड आणणारा नेताही हवा असतो. आंदोलनाचा नेता हळूहळू दुसरा चेअरमन होतो तो या गरजेतून.

पण खरी अडचण याहून खोल आहे. तोडणी कामगारांचा आवाज झालेल्या गोपीनाथ मुंडे यांनीच परळीजवळ वैद्यनाथ कारखाना उभा केला; संपाचा नेता आणि कारखानदार एकाच माणसात आले. तोडणीचा दर वर्षानुवर्षे लवादात ठरत आला, एका बाजूला शरद पवार आणि दुसऱ्या बाजूला मुंडे, पुढे पंकजा मुंडे. जानेवारी 2024 मध्ये दर 34 टक्क्यांनी वाढला. ही वाढ हक्काचीच होती. मात्र तोडणी आणि वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होतो, म्हणजे ती शेतकऱ्याच्या बिलातून गेली. एका आंदोलनाचा विजय दुसऱ्याच्या खिशातून फेडला जातो आणि दोघांमधला लवाद चेअरमनांच्या गोतावळ्यातच राहतो. माझ्या मते चेअरमनची सत्ता टिकते ती इथे. नोकऱ्या आणि सवलतीची साखर हा तिचा वरवरचा भाग आहे.

ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याचे पैसे 14 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याजाने. एफआरपीचे, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराचे, तुकडे करणारा राज्य सरकारचा 2022 चा निर्णय शेट्टींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. हा विजय मोठा आहे. आता ऊस परिषदेच्या ठरावांत आणखी एक ठराव यावा: तोडणीचा वाढीव दर शेतकऱ्याच्या बिलातून न कापता कारखान्याने सोसावा. त्या दिवशी मैदानात पाटोद्याच्या आणि धारूरच्या माणसांनाही बोलवावे. ऊस नियंत्रण आदेशात त्यांच्यासाठी एकही ओळ नाही.