फ्योर्डच्या मुलखातील मोटरसायकल सफर : आधी हिशेब, मग किल्ली

व्यापारी माणसाला सफर नवी नाही. सुरत, अहमदाबाद, इचलकरंजी, भिवंडी अशा फेऱ्या करण्यातच आमच्या कापड धंद्यातील लोकांची उमर जाते. पण त्या फेरीत रात्रीची गाडी, दिवसा बाजार आणि पुन्हा रात्रीची गाडी, एवढाच मामला असतो. निव्वळ मुलूख पाहण्यासाठी, आणि तेही स्वतःच्या हाताने मोटरसायकल चालवत परदेशी जायचे, ही गोष्ट आपल्या लोकांना अजून शौकाची आणि काहीशी वेडेपणाची वाटते. आम्ही चौघांनी मात्र नॉर्वेच्या सफरीचा बेत केला आहे. चौघांपैकी तिघे पन्नाशी ओलांडलेले, चौथा आमचा तरुण भाचा. गेले काही महिने नकाशे, वेळापत्रके आणि खर्चाचे कागद पसरून जो आराखडा तयार झाला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. अशा सफरीत पैसा तर लागतोच, पण आखणी कच्ची राहिली तर जिवाशी गाठ असते.

किलोमीटरवर जाऊ नका

फ्योर्ड म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या कोकणातील खाडी भरती-ओहोटीची आणि उथळ असते. फ्योर्ड ही हिमनद्यांनी डोंगर कोरून तयार केलेली दरी. बर्फ वितळल्यावर तिच्यात समुद्र शिरला. नॉर्वेतील सर्वांत लांब सोग्नेफ्योर्ड २०५ किलोमीटर आत गेलेला असून त्याची खोली १३०० मीटरपेक्षा जास्त आहे. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. अशा मुलखात रस्ता सरळ जाऊच शकत नाही. तो पाण्याच्या कडेने वळतो, बोगद्यात शिरतो, घाट चढतो, नाहीतर धक्क्यावर येऊन संपतो. तिथून पुढे फेरीबोट. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ज्यांनी मोटरसायकल पलीकडे नेली आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल.

शिवाय वस्तीबाहेर साधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आणि गावात ५० आहे. ती मोडणाऱ्याला बसणारा दंड युरोपातील सर्वांत जबर दंडांपैकी गणला जातो. डोंगरातील कित्येक रस्ते एका गाडीपुरतेच रुंद आहेत. समोरून पर्यटकांची मोठी बस आली की ठरवून दिलेल्या रुंद जागेत थांबून वाट द्यावी लागते. मेंढ्या मोकळ्या फिरतात आणि पाऊस किंवा ऊन लागले की बोगद्याच्या तोंडाशी बसून राहतात. म्हणून आपल्या महामार्गावरचा दिवसाला चारशे किलोमीटरचा हिशेब इथे कामाचा नाही. आम्ही फ्योर्ड आणि घाटाच्या भागासाठी दिवसाला दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर धरले आहे आणि प्रत्येक दिवस तासांत मांडला आहे : चालवण्याचे तास, फेरीची वाट पाहण्याचे, थांबून पाहण्याचे आणि पावसाचे. या चारही रकान्यांत आकडे भरल्याशिवाय मुक्कामाचे गाव ठरवायचे नाही, असा आमचा कायदा आहे.

हंगाम कोणता?

नॉर्वेचे उंच घाट हिवाळ्यात बर्फाने बंद असतात. काही मे महिन्यात उघडतात, काहींना जून उजाडतो. जूनमध्येही रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती दिसतात. जुलैमध्ये खुद्द नॉर्वेतील लोकांच्या सुट्ट्या असल्याने गर्दी होते आणि मुक्कामाचे भाव चढतात. म्हणून जूनचा दुसरा पंधरवडा किंवा ऑगस्टचा उत्तरार्ध हा काळ चांगला. आपल्या धंद्यालाही हे सोयीचे आहे. लग्नसराई आटोपून आषाढ लागला की कापड बाजारात गिऱ्हाईक थंडावते. तेरा-चौदा दिवस दुकान मुलांवर किंवा भावावर सोपवायचे असेल, तर मंदीच्या हंगामात सोपवलेले बरे.

जूनचा आणखी एक फायदा म्हणजे उजेड. या भागात त्या दिवसांत सूर्य रात्री अकराच्या आसपास मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास उगवतो. अंधारात चालवण्याची वेळ येत नाही. पण याच उजेडाने माणूस फसतो. अजून दिवस आहे, अजून पन्नास किलोमीटर जाऊ, असे म्हणत शरीर थकून जाते. तेव्हा संध्याकाळी सहाला किल्ली खिशात, मग उजेड कितीही असो. नमाजाच्या वेळाही आपल्या अंदाजाने धरून चालणार नाहीत. त्यांचा तक्ता ऑस्लोतील मशिदीकडून आधीच मागवून घ्यावा.

आमचा दहा दिवसांचा मार्ग

मोटरसायकली ऑस्लोतून भाड्याने घ्यायच्या. पहिल्या दिवशी गाडीची सवय करीत गाइलोपर्यंत जायचे. हा पहिला टप्पा दोनशेच्या थोडा वर जातो, पण रस्ता सोपा आहे. दुसऱ्या दिवशी हार्डांगरविद्दा हे उघडे, वाऱ्याचे पठार ओलांडायचे, १८२ मीटर उंचीचा व्होरिंग्सफोसन धबधबा पाहायचा आणि हार्डांगर पुलावरून व्हॉसला मुक्काम. २०१३ मध्ये खुला झालेल्या या झुलत्या पुलाचा मुख्य गाळा १३१० मीटरचा आहे आणि त्याच्या टोकांना डोंगराच्या पोटातच गोल चौक कोरलेले आहेत.

तिसऱ्या दिवशी आउरलांडहून लारदालला जायचे. इथे दोन वाटा आहेत. एक २००० साली सुरू झालेला २४.५ किलोमीटरचा बोगदा, जगातील सर्वांत लांब रस्ता-बोगदा. दुसरा वरून जाणारा जुना घाटरस्ता, जो १३०० मीटरच्या वर चढतो आणि जिथून फ्योर्ड पायाखाली दिसतो. हवा स्वच्छ असेल तर वरून, ढग उतरले असतील तर बोगद्यातून. एकाच गावाला दोन वाटा असणे हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

चौथ्या दिवशी फोडनेस ते मानहेलर ही छोटी फेरी, मग सोग्नेफ्येल घाट चढून लोम. हा रस्ता १४३४ मीटरपर्यंत जातो. उत्तर युरोपातील डोंगरी रस्त्यांत याहून उंच खिंड नाही. १९३८ साली खुला झालेला हा रस्ता बेरोजगार तरुणांच्या मेहनतीतून उभा राहिला, ही गोष्ट कारागीर वाचकांनी ध्यानात ठेवावी. पाचवा दिवस लोममध्ये कोरा ठेवला आहे. लोमचा परिसर नॉर्वेतील सर्वांत कोरड्या भागांपैकी आहे, त्यामुळे ओले कपडे वाळवायला आणि शरीराला विश्रांती द्यायला याच्यासारखी जागा नाही.

सहाव्या दिवशी गाइरांगर. या फ्योर्डला २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. सातव्या दिवशी ‘गरुडवाट’ नावाचा वळणांचा घाट चढायचा, आइड्सडाल-लिंगे फेरीने पलीकडे व्हायचे आणि ट्रोलस्टिगन उतरून ओंडाल्सनेस गाठायचे. आठवा दिवस पुन्हा कोरा. नवव्या आणि दहाव्या दिवशी दोन टप्प्यांत ऑस्लो. सगळे मिळून अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास भरते.

ट्रोलस्टिगनविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. १९३६ मध्ये खुल्या झालेल्या या घाटाला ११ तीव्र वळणे आहेत आणि त्याची छायाचित्रे पाहूनच बहुतेक लोक नॉर्वेचे नाव काढतात. पण २०२४ च्या जूनमध्ये कड्यावरून दगड कोसळल्यामुळे तो बंद झाला आणि त्या हंगामात पुन्हा उघडला नाही. ज्यांनी सारी सफर त्या एका घाटावर बेतली होती त्यांचे काय झाले असेल? आम्ही त्या दिवसासाठी स्टोरडाल आणि शोहोल्टवरून ओंडाल्सनेसला जाणारी लांबची वाट आधीच लिहून ठेवली आहे. रस्ता उघडा आहे की नाही हे तिथल्या रस्ते खात्याच्या १७५ या दूरध्वनी क्रमांकावर कळते. रोज सकाळी निघण्यापूर्वी ही विचारपूस झालीच पाहिजे.

आता कापडाची गोष्ट

हा आमचा विषय. दर शंभर मीटर चढल्यावर हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते. म्हणजे फ्योर्डकाठी १५ अंश असेल तर सोग्नेफ्येलवर सहा-सात अंश, आणि त्यात वेगाचा वारा. पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईचा आकडाही त्याच घरातला. फरक इतकाच की मुंबईत तो चार महिन्यांत उरकतो आणि बर्गेनला बाराही महिने पुरतो.

अंगालगत सुती कपडा नको. सूत ओल धरून ठेवते आणि थंड वाऱ्यात तीच ओल अंगातील ऊब खेचून घेते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही. म्हणून आत बारीक मेरिनो लोकर, मधे ऊब देणारा हलका थर आणि वर मजबूत नायलॉनचे जाकीट-पाटलोण. यंत्रमागाच्या गावातील वाचकाला डेनिअर समजावून सांगायला नको. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. घसटणाऱ्या जागी, म्हणजे खांदा, कोपर, गुडघा आणि बसायच्या जागी, जाड डेनिअरचा कपडा हवा. युरोपात अशा पोशाखाला ‘ईएन १७०९२’ या मानकाखाली दर्जा मिळतो. त्यात तीन ‘ए’ सर्वांत मजबूत. लेबलवर हा दर्जा पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पाणी अडवणारा पडदा कुठे लावला आहे, हेही दुकानदाराला विचारावे. तो बाहेरच्या कपड्यालाच चिकटवलेला असेल तर पाणी वरच्यावर ओघळते. तो आत अस्तरासारखा सैल असेल तर बाहेरचा कपडा भिजून जड आणि गार होतो, जरी अंग कोरडे राहिले तरी. पहिला प्रकार महाग आहे, पण या मुलखात तो स्वस्तच पडतो. शिवणींवर आतून पट्टी आहे का, तेही उलटून पाहावे. पाणी नेहमी शिवणीतून शिरते. हातमोजे दोन जोड हवेतच. बोटे बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

कागदपत्रे आणि खर्च

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन करारात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आपला परवाना गिअरच्या मोटरसायकलचा आहे याची खात्री करून आरटीओकडून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. भाड्याच्या गाडीचा करार वाचताना एकच प्रश्न विचारावा : गाडी पडली तर विमा भरण्यापूर्वी आमच्या खिशातून किती जाणार? ती रक्कम मोठी असते. ती आम्ही खर्चात न धरता वेगळी बाजूला ठेवली आहे.

स्वयंचलित टोलनाक्यांवर मोटरसायकलला पैसे पडत नाहीत. फेरी आणि काही खासगी डोंगरी रस्त्यांचा खर्च मात्र वेगळा धरावा. हॉटेले महाग आहेत. कॅम्पच्या जागी लाकडी खोल्या मिळतात. चौघांत एक घेतली तर परवडते. तिथे चादरी बहुधा आपल्या आपण न्यायच्या आणि निघताना खोली झाडून द्यायची असते. चादरींची अडचण आमच्या धंद्यातल्या माणसाला नसावी! रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरावे. खाण्यात मासे, अंडी, पाव, भाज्या यांवर निभावते. ऑस्लोत १९७० च्या आगेमागे आलेल्या पाकिस्तानी लोकांची मोठी वस्ती आहे. तिथे हलाल दुकाने आहेत आणि उर्दूतून विचारपूसही करता येते. कोरडा शिधा तिथूनच बांधून घ्यायचा.

काय सोडले?

आराखड्यात सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर झाला. आमचे एक साथीदार, होजिअरीचे व्यापारी, उत्तर टोकाच्या नॉर्डकापसाठी अडून बसले होते. ऑस्लोहून ते एका बाजूने सुमारे दोन हजार किलोमीटर. दुसऱ्यांना १९८९ मध्ये खुला झालेला, आठ पुलांचा अटलांटिक रस्ता हवा होता. भाच्याला स्ट्रिनचा जुना घाट, ज्याचा काही भाग खडीचा आहे. तिन्ही जागा पाहण्यासारख्या आहेत आणि तिन्ही आम्ही वगळल्या. अटलांटिक रस्त्याला आठव्या दिवशी संधी आहे, पण हवा चांगली आणि चौघेही ताजेतवाने असतील तरच.

इतका पैसा घालून जायचे तर सगळे पाहून का येऊ नये, असा सवाल साथीदारांनी केला. आमचे उत्तर व्यापारातलेच होते. सगळी पुंजी मालात गुंतवणारा व्यापारी एका खराब महिन्यात बसतो. सफरीत दिवस हीच पुंजी आहे. दहापैकी दोन दिवस हातात शिल्लक असतील तर दरड, पाऊस, ताप, पंक्चर काहीही सोसता येते. शिल्लक नसेल तर माणूस चुकलेली फेरी गाठायला ओल्या वळणावर वेग वाढवतो, आणि तिथे कठड्यापलीकडे थेट फ्योर्ड असतो.

म्हणून शेवटी तीन गोष्टी कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. सर्वांत सावकाश चालवणारा दुसऱ्या क्रमांकावर राहील आणि बाकीचे त्याच्या चालीने चालतील. कोणीही एकाने ‘बस’ म्हटले की त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपेल. त्यावर हुज्जत नाही, थट्टा नाही, कारण थकलो असे कबूल करायला पन्नाशीतला माणूस लाजतो. आणि अपघात झाल्यास रुग्णवाहिकेचा ११३, पोलिसांचा ११२ हे क्रमांक, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या जाकिटाच्या आतल्या खिशात राहील. नॉर्डकापवाल्या साथीदारांनी सर्वांत शेवटी सही केली. पण केली.